भंडाऱ्याआधीचे दिवस

कढई पालथी होती, एवढंच. कंपनीच्या मागच्या आवारात, लिंबाखाली, ती कितीतरी वर्षं तशीच पडलेली होती आणि उत्तरेश्वर रोज सकाळी तिच्याकडं न बघता कचेरीच्या पायऱ्या चढत असे. त्या दिवशी मात्र तिच्या काठाखालून एक कोंबडी बाहेर आली, मागोमाग चार पिलं, आणि कोंबडीनं इतक्या हक्कानं अंग झाडलं की तो दुसऱ्या पायरीवर थांबला. चार माणसांनी मिळून उचलावी एवढी कढई. बुडाला गंजून भोक पडलेलं. हिच्यात काय शिजायचं बरं, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं. चिंचोक्याची खळ. घोंगडीचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला पाजायची ती. मग आता ती कुठं शिजते? प्रश्न आला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून उत्तरही आलं, आणि ते उत्तर अगदी घरचं होतं. आता ती त्याच्या घरी शिजत होती. मायच्या चुलीवर.

त्याच्या काखेत निळ्या कापडात गुंडाळलेला कागद होता. गेले दोन महिने तो त्या कागदावर जीव ओतत होता. धाराशिवातली ही कांबळ कंपनी कल्याणप्पांनी निजामी राज्यातल्या फसली सनाप्रमाणं तेराशे वीसला काढली, आता तेराशे त्रेपन्न चाललं होतं, आणि तेहतीस वर्षांच्या अनुभवानं कंपनीचा खर्च किती कमी झाला ते दाखवणारा तो कागद. लढाई चालू होती. निजाम सरकारच्या फौजेला कांबळी हवी होती, थोडीथोडकी नव्हे, दहा हजार, आणि हैदराबादेहून रसद खात्यानं सगळ्या जुन्या कंपन्यांना विचारलं होतं की तुमचा अनुभव एवढा दांडगा, तर त्यानं माल स्वस्त पडतो का, ते दाखवा. कल्याणप्पांचे चिरंजीव महालिंगप्पा, म्हणजे आताचे मालक, यांनी ते पत्र उत्तरेश्वरापुढं टाकलं आणि म्हणाले, "हे तुझं काम हाय, मगा." मगा म्हणजे कानडीत मुलगा. मालक घरात कानडी बोलत आणि पोटच्या पोरांना मगा म्हणत, आणि कंपनीच्या अख्ख्या कारभारात हा शब्द त्यांनी बाहेरच्या एकालाच दिला होता. धनगर गल्लीतल्या गोरोबाच्या पोराला.

हैदराबादेला शिकताना उत्तरेश्वरानं एका मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत विमानं बांधणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. पहिल्या विमानाला जेवढा वेळ लागतो त्याहून दुसऱ्याला कमी, चौथ्याला आणखी कमी, आणि कागदावर काढलं तर उतरत जाणारी एक सुबक रेघ मिळते. हात शिकतो, डोळा शिकतो, कारखाना शिकतो. त्याला ती रेघ फार आवडली होती. शिकल्यानं जग हलकं होतं असं ती सांगत होती, आणि तो तर शिकूनच खड्ड्यातल्या मागावरून कचेरीतल्या खुर्चीवर आला होता. तीच रेघ त्यानं घोंगडीची काढली. जुन्या वर्षांसाठी हजेरीच्या चोपड्या धुंडाळल्या, अलीकडच्या वर्षांसाठी गल्लीत घरोघर हिंडून विचारलं. सुरुवातीला एका घोंगडीमागं बारा दिवस पडत होते. आता चार. बारावरून चारावर. रेघ अगदी विमानाच्या रेघेसारखी आली तेव्हा तो एकटाच हसला होता. मग मालकांनी सुचवलं की पुढच्या दोन वर्षांत काय होईल तेही दाखव, आणि त्यानं तीच रेघ ठिपक्याठिपक्यांनी पुढं ओढली. ठिपके तीन दिवसांवर जाऊन टेकले. कंपनी सरकारला तीन दिवसांच्या हिशेबानं कांबळी देणार, आणि विणणाराला मजुरीही तीन दिवसांचीच मिळणार, दोन वर्षं, करारातच बांधलेली. चार दिवसांची मिळत होती त्यातला एक दिवस गळणार. हे त्याला माहीत होतं. त्यानं मनाशी म्हटलं होतं, हात शिकतीलच.

पायरीवर उभ्या उभ्या त्याला दुसरंच काही दिसू लागलं. मूळ रेघ उतरती नव्हतीच. तिला पायऱ्या होत्या. तेराशे सदतीस साली दोन दिवस एकदम खाली, एक्केचाळीसला तीन, सेहेचाळीसला पुन्हा दोन, आणि मधल्या वर्षांत ती जवळजवळ आडवी, जमिनीसारखी. त्या पायऱ्या ओबडधोबड दिसत होत्या म्हणून त्यानंच फूटपट्टी बाजूला ठेवून, हातानं, त्या घासून घासून त्यांचा उतार केला होता. वर्षानुवर्षं पाऊस पडून दगड गुळगुळीत व्हावा तसा. त्याला वाटलं होतं की हे आपण कागद नीटनेटका करतो आहोत.

सदतीस साल. तो सहा वर्षांचा होता. माय डोक्यावर तांब्याचं मोठं भांडं घेऊन घरी आली होती, कंपनीनं दिलेलं, आणि गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. माय म्हणाली होती, मालक म्हनले की कंपनीची खळ कदी पातळ कदी घट्ट, तुमच्या हाताला जे कळतं ते आमच्या आचाऱ्याला कळत न्हाई, तवा तुमीच शिजवा. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते त्याला आता सोळा-सतरा वर्षांनी स्पष्ट दिसलं. मान मिळाल्याचा आनंद होता तो. त्या दिवसापासून घराला एक वास लागला. भाजलेल्या चिंचोक्याचा खरपूस, आणि मग शिजलेल्या खळीचा गोडसर, चिकट, जरा आंबट. तो वास त्याच्या पाटीला होता, पुस्तकांना होता, हैदराबादेला वसतिगृहात ट्रंक उघडली तेव्हा कपड्यांतून आला आणि शेजारचा मुलगा नाक मुरडून म्हणाला होता, काय रे हे. चिंचोके भाजायचे, कुटून टरफलं काढायची, रात्रभर भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, मग शिजवायचे आणि ढवळत बसायचं, कारण हात थांबला की बुडाला लागतं. मायच्या उजव्या मनगटावर उडालेल्या खळीचे डाग होते, फिक्कट, तांदळाएवढे. लहानपणी तो ते मोजायचा. त्याला वाटायचं की सगळ्यांच्या आयांना असे डाग असतात. हे काम आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. ते घर होतं. घर असंच असतं.

आणि एक्केचाळीस. त्या साली कंपनीनं लोकर धुण्या-निवडण्याचा मांडव मोडला. सोनारीकडच्या, परंड्याकडच्या कळपांची लोकर गाठोडी बांधून परस्पर गल्लीत येऊ लागली. लेंड्या, गोखरू, कुसळं, सगळ्यासकट. बायका दारात बसून निवडायच्या, काळी वेगळी, पांढरी वेगळी, आणि बोटांच्या पेरांत काटे मोडायचे. त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यात, महालिंगप्पा स्वतः गोरोबाच्या दारात आले होते. हे पोरगं हुशार हाय, ह्याची फी मी भरतो, म्हणाले होते. बापानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. आणि माय, काटे काढता काढता, बोटं तोंडात धरून रडली होती. उत्तरेश्वरानं आजवर ती गोष्ट कितीजणांना सांगितली होती. मालकांचा मोठेपणा सांगायचा म्हणून सांगितली होती. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता ते आलं आणि त्याला आपल्या शिक्षणाची, आपल्या अक्षराची, अंगातल्या इस्त्रीच्या सदऱ्याचीसुद्धा किळस आली.

तो वर गेला. महालिंगप्पा गादीवर बसले होते. नुकतीच पूजा झालेली, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, समोर पितळी तांब्या. साठीचा माणूस, आवाज कधी न चढवणारा. उत्तरेश्वरानं विचारलं, "अप्पा, ती मागची कढई कधी पालथी घातली?"

"कढई?" अप्पांनी आठवून पाहिलं. "सदतीस साली असंल. का रं? गंजली असंल आता. इकून टाकू."

"खळ गल्लीत गेली तेव्हा."

"व्हय. तुमच्या बायकांच्या हाताला गुण हाय."

"आणि लोकर एक्केचाळीसला. आणि ताणा पसरून कुंच्यानं खळ पाजणं, ते इथं आवारात व्हायचं, ते सेहेचाळीसला." त्यानं निळं कापड सोडलं आणि कागद गादीवर पसरला. "अप्पा, हे काम कमी झालेलं नाही. फाटकाबाहेर गेलंय. हजेरीत फक्त फाटकाच्या आतली माणसं असतात, म्हणून सगळं काम आत होतं तोवरच बारा दिवस दिसले. बाहेरचं कुठंच लिहिलेलं नाही. खरा अनुभवानं वाचलेला दिवस एकच आहे. माझे चुलते बिरूतात्या आधी पाच दिवसांत विणायचे, आता चार दिवसांत विणतात. तेहतीस वर्षांत एक दिवस. तोही त्यांचा."

अप्पा कागदाकडं बघत राहिले. ते रागावतील, निदान चमकतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते कौतुक होतं. परीक्षेचा निकाल घेऊन यायचा तेव्हा हेच कौतुक त्यानं पाहिलं होतं, आणि त्यासाठी तो धाराशिवच्या वेशीपासून पळत यायचा.

"लौकर कळलं तुला," ते म्हणाले. "माझ्या वडलांना कळायला लई वर्षं गेली."

"मग कंपनी शिकली काय?"

"हेच की. कुठलं काम कुणाच्या दारात ठेवलं म्हंजे ते दिसंनासं हुतं, हे शिकायला तेहतीस वर्षं लागली. नवी कंपनी आज मांडव घालील, आचारी ठेवील, चार दिसांत बुडंल. ह्यालाच अनुभव म्हंत्यात, मगा. खोटं काय हाय तुझ्या कागदात? एक आकडा तरी खोटा हाय का?"

नव्हता. आकडे सगळे खरे होते. त्याला भलताच प्रश्न सुचला. "मग मला कशाला लावलं ह्या कामाला? हैदराबादेत शिकलेले पुष्कळ होते."

अप्पा तांब्यातलं पाणी प्याले. मग अगदी मायेनं, ओठ पुसत, म्हणाले, "परका माणूस गल्लीत गेला असता तर त्यानं इचारलं असतं, लोकर कोन धुतं, खळ कोन शिजवतं. तुला इचारायची गरजच पडली न्हाई. तू घरचा."

ते काही टाकून बोलले नव्हते. तेच जास्त लागलं. एखाद्यानं तोंडावर शिवी दिली असती तर माणूस ती फेकून तरी देतो. उत्तरेश्वर खाली आला, आपल्या खुर्चीवर बसला, आणि दिवसभर एक ओळ न लिहिता बसून राहिला. त्याला गल्लीतला आपला प्रत्येक प्रश्न आठवत होता. "काकू, किती दिवस जातात एका घोंगडीला?" काकू म्हणायच्या, चार. सगळ्यांनी चारच सांगितले होते. कोणी लबाडी केली नव्हती. धनगरांची मोजायची रीतच तशी. पाजून वाळलेला ताणा खड्ड्यातल्या मागावर चढतो, घरातला थोरला त्यावर बिरोबाचा भंडारा टाकतो, पिवळा, चिमूटभर, आणि त्या दिवसापासून घोंगडी मोजायची. "आज भंडारा पडला" म्हणजे घोंगडीचा जन्म झाला. त्याआधी ती नसतेच. त्याआधी असतं ते निवडणं, धुणं, वाटणं, शिजवणं, पाजणं, आणि त्याला काही नाव नसतं. त्याचा जन्म त्याच गल्लीतला. रीत त्याच्या रक्तात होती, म्हणून प्रश्न ओठावर आलाच नाही. हैदराबादचा एखादा अनाडी पोरगा आला असता तर दारातल्या कुसळांत पाय पडून ओरडला असता आणि विचारलं असतं, हे काय आहे. अप्पांना हे माहीत होतं. आपण दहा वर्षांचे असतानाच त्यांना माहीत होतं का? फी भरली ती ह्यासाठीच का? इतका लांबचा विचार माणूस करतो का? त्याला ठरवता येईना, आणि ठरवता येईना म्हणून आजवरची प्रत्येक चांगली आठवण हातात घेऊन उलटीपालटी करून बघावी लागत होती, बाजारातलं नाणं खोटं निघाल्यावर माणूस कनवटीचं प्रत्येक नाणं वाजवून बघतो तशी.

ऊन कललं तसा तो घरी गेला. माय, अयोध्या तिचं नाव, दारात लोकर पसरून बसली होती. आत खड्ड्यात पाय सोडून बिरूतात्या, त्याचा चुलता, मागावर होता. बाप गेल्यापासून घरचा माग तोच चालवायचा. उत्तरेश्वर मायजवळ खालीच बसला, इस्त्रीच्या धोतरासकट, आणि तिनं लगेच त्याच्यासाठी पोतं पुढं सारलं. तो म्हणाला, "माय, ह्या मागच्या घोंगडीचं सांग. भंडाऱ्यापासून नको. लोकर दारात पडली तिथपासून."

"त्याच्यात काय सांगायचं?"

"सांग की."

ती हसली. मग बोटं मोडायला लागली. धुन्याला एक दीस. निवडायला दोन, लोकर घाण असंल तर तीन, पर दोन धर. चिंचोकं भाजून भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी वाटून शिजवलं, हे दोन. ताना गल्लीत पसरून कुंच्यानं पाजला, वाळवला, हे बी दोन. सूत कातायचं वजनावर पैसं मिळत्यात, ते येगळं. एका हाताची बोटं संपली तशी तिनं दुसरा हात घेतला. सात. मग भावजी बसले चार दिवस. अकरा. तिनं दहा बोटं आणि त्याचं एक बोट धरून अकरा केले आणि अचंबा वाटून आत पाहिलं. "भावजी, अकरा दीस हुत्यात की वो."

"मंग?" आतून बिरूतात्या म्हणाला. "न्हाय कदी मोजलं."

"हे समदं कामात धरत्यात व्हय?" तिनं उत्तरेश्वराला विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. कागदाचं सांगितलं, ठिपक्यांचं सांगितलं, तीन दिवसांच्या मजुरीचं सांगितलं, आणि ते सगळं आपल्याच हातानं केलंय हेही सांगितलं. बिरूतात्याचा माग थांबला. मग उजवा खांदा दाबत तो म्हणाला, "तीन दिसांत घोंगडी व्हायची न्हाई, उत्तऱ्या. हा खांदा आता मागं मागं चाललाय. म्होरं कुठला जातुया." त्याचा आवाज साधा होता. उत्तरेश्वर म्हणाला की परवा रसद खात्याचे साहेब येणार आहेत, मी त्यांच्यासमोर खरं बोलणार आहे, आणि अप्पांनी कामगार म्हणून तुम्हा दोघांना बोलावलंय. "माय, साहेबांनी विचारलं तर अकरा सांग. एवढंच. आत्ता मोजलेस तेच."

"सांगीन की," ती म्हणाली, आणि पुन्हा कुसळं काढू लागली. त्याला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की त्यानं पण एक मूठ लोकर ओढून घेतली. दोन काटे काढले आणि तिसरा बोटात मोडला.

साहेब आले ते दुपारी, टांग्यातून, उंच टोपी आणि काळी शेरवानी घालून. सभ्य माणूस होता. आवारात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या आणि कढई तिथून हलवली नव्हती, फक्त तिच्यावर एक सतरंजी टाकली होती. साहेबांनी घोंगडी हातात घेऊन चुरगळली, उन्हाकडं धरून पाहिली, मग चौघांना चार कोपरे धरायला लावून मधल्या खोळीत घागरभर पाणी ओतायला सांगितलं. सगळे वाट बघत राहिले. खालून एक थेंब पडला नाही. साहेब "वाह" म्हणाले, आणि बिरूतात्यानं मान खाली घातली तरी त्याच्या मिशा हलल्या. पाणी ज्यानं अडवलं ती खळ आणि निवडलेली लोकर मायची होती, पण तिच्याकडं कोणी बघितलं नाही, आणि तिचंही बिरूतात्याकडंच लक्ष होतं.

मग कागद निघाला. साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं, ठिपक्यांपाशी थांबले, आणि उत्तरेश्वराला विचारलं, "ये आपने बनाया?" तो उठून उभा राहिला. हो म्हणाला. आणि हा चुकीचा आहे असंही म्हणाला. त्याला वाटलं होतं की आवाज कापेल, पण तो ठणठणीत निघाला. त्यानं सगळं सांगितलं, अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. काम फाटकाबाहेर कसं गेलं, हजेरीत काय दिसतं आणि काय दिसत नाही, खरे दिवस अकरा. साहेबांनी भुवया वर केल्या आणि महालिंगप्पांकडं पाहिलं.

महालिंगप्पांनी नुसता हात पुढं केला, पाहुण्याला पाट दाखवावा तसा. "पोरगं शिकलेलं हाय, साहेब, मन हळवं हाय. त्याची आई हितंच बसलीया. चाळीस वर्षं ह्या कामात हाय. तिच्याहून अनुभव कुणाला? तिलाच इचारा."

साहेब वळले आणि मोडक्या मराठीत, अदबीनं, म्हणाले, "अम्मा, एक घोंगडीला किती दिवस लागते?"

माय उभी राहिली. तिनं पदर सारखा केला. उत्तरेश्वर तिच्याकडं बघत होता आणि तीही त्याच्याकडं बघत होती, डोळ्याला डोळा भिडवून, अगदी स्वच्छ नजरेनं. ती म्हणाली, "चार दीस, सायेब. भंडारा पडल्यापास्नं चार."

लिंबावर कुठलंसं पाखरू चिवचिवत होतं. साहेबांनी मान डोलावली, कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं, शिक्का काढला. सगळं पाव घटकेत उरकलं. चहा आला. बिरूतात्या जमिनीकडं बघत खांदा चोळत होता. जाताना महालिंगप्पा उत्तरेश्वराच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "उद्या येळंवर ये. कराराची नक्कल काढायचीया." त्याला नोकरीवरून काढलंसुद्धा नाही. घरच्या माणसाच्या बोलण्यावर कोण रागावतं?

परतताना माय पुढं चालली होती, अनवाणी, झपझप. तिच्या टाचांवरच्या भेगा त्याला दिसत होत्या. तो मागून चालताना मनातल्या मनात तिच्याशी भांडत होता. तू घाबरलीस. अप्पांनी तुला आधी गाठून काही सांगितलं. माझी नोकरी जाईल म्हणून बोललीस. हे जर खरं असतं तर त्याला सोसलं असतं. आई पोरासाठी खोटं बोलली, असं म्हणून एक दिवस तो रडला असता आणि मोकळा झाला असता. वेशीपाशी त्यानं तिला गाठलं आणि विचारलं, "माय, अप्पा काही बोलले होते का तुला?"

"न्हाय बा." ती थांबलीसुद्धा नाही.

"मग परवा अकरा मोजलेस ना? दहा बोटं न् माझं एक?"

"मोजलं की. तू म्हनलास तवा मोजलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

ती जरा गोंधळली. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता. "त्यांनी घोंगडीचं इचारलं," ती म्हणाली.

घरी आल्यावर बिरूतात्या आत जाऊन भिंतीला तोंड करून आडवा झाला. अंगणात नवं गाठोडं पडलेलं होतं, कंपनीचा माणूस दुपारीच टाकून गेलेला. मायनं हातपाय धुतले, गाठोडं सोडलं आणि लोकर पसरायला लागली. उत्तरेश्वर उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो आत गेला, भिंतीतल्या देवळीतली बिरोबाची भंडाऱ्याची पिशवी काढली, चिमूट भरली आणि बाहेर येऊन त्या घाणेरड्या, लेंड्या-काट्यांनी भरलेल्या लोकरीवर हात नेला. आजपासून मोजायचं. इथून. निदान ह्या एका दारात, निदान देवासमोर तरी, हे दिवस दिवस म्हणून मोजले जातील. त्याला तेवढंच हवं होतं.

मायनं त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तिच्या मनगटावरचे फिक्कट डाग त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती रागावली नव्हती. लहानपणी तो विस्तवाकडं हात न्यायचा तेव्हा धरायची तसंच तिनं धरलं होतं.

"आसं करू नये, लेका," ती हळू म्हणाली. "आजून घोंगडी कुठाय? निसती लोकर हाय ही."

तिनं त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी उघडली, भंडारा सांडू न देता पिशवीत परत घातला, बोटाला राहिलेला त्याच्याच कपाळाला लावला, आणि खाली बसून काटे काढू लागली. थोड्या वेळानं तिनं बाजूचं पोतं त्याच्यासाठी पुढं सारलं. तो बसला.